लघवीतून रक्त: ‘एकदाच आलं, मग थांबलं’

तालुका ओपीडी | रविवार, रात्री १०:१५

एकवीस वर्षं तालुक्याच्या गावी दवाखाना चालवतोय. एमबीबीएस, पुढे काही नाही. हा धागा एका पेशंटमुळे काढतोय. (वय, धंदा थोडा बदललाय. गाव लहान आहे.)

मे महिना. साठीकडे झुकलेले, एसटीतून निवृत्त झालेले गृहस्थ. “डॉक्टर, परवा सकाळी लघवी एकदम कोकमाच्या आगळासारखी झाली. दुखलं-बिखलं काही नाही. संध्याकाळपासून स्वच्छ आहे. मी येणारच नव्हतो, हिनं पाठवलं.” ‘ही’ बाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. लघवीच्या तपासणीत आरबीसी (तांबड्या पेशी) ८-१०, पस सेल्स (पुवाच्या पेशी) ४-५. मी पाच दिवसांच्या गोळ्या लिहिल्या, “ऊन फार आहे, पाणी वाढवा” म्हणालो आणि सोनोग्राफी सांगितली. डाव्या मूत्रपिंडात ५ मिमीचा खडा निघाला. झालं! त्यांनाही बरं वाटलं, मलाही. कल्चर (लघवीतले जंतू वाढवून बघणं) पाठवलं नाही, गोळ्या संपल्यावर लघवी परत बघितली नाही, विडी किती वर्षं ओढलीत हे विचारलंही नाही.

जानेवारीत आले ते लघवी अडली म्हणून. रक्ताच्या गुठळ्या. मूत्राशयात गाठ. जिल्ह्याला दुर्बिणीतून काढली, तोवर ती स्नायूत शिरलेली होती. पुढचं इथे लिहीत नाही.

मी तो मे महिन्यातला सोनोग्राफीचा कागद नंतर मागवून घेतला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की मूत्राशय पुरेसं भरलेलं नाही. मी ती ओळ वाचलीच नव्हती, खालचं ‘इम्प्रेशन’ तेवढं वाचलं होतं. अर्धवट भरलेल्या मूत्राशयात एक सेंटिमीटरची गाठ सुरकुतीत लपून जाते.

खडा सापडला हेच नडलं. मूत्रपिंडात गपचूप बसलेले असे खडे आपल्याकडे पैशाला पासरी. त्यातून रक्त येऊ शकतं, पण हे रक्त त्याचंच कशावरून? आणि रक्त थांबलं ते माझ्या गोळ्यांनी थांबलं असं मी धरून चाललो. मूत्राशयाच्या गाठीचं रक्त असंच असतं. एकदा येतं, आपसूक थांबतं, मध्ये महिने जातात.

तर इथल्या डॉक्टरांनी, लॅबवाल्यांनी आणि ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनी लिहा. पहिल्या भेटीत, छोट्या दवाखान्यात, काय करायला हवं?

---

घाटावरची | रविवार, रात्री १०:५२

वाचून पोटात गोळा आला. माझे सासरे ७१ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलाय, इकोस्प्रिन आणि क्लोपिडोग्रेल चालू. मागच्या महिन्यात दोनदा लघवी गुलाबी झाली. विचारलं तर सगळीकडून एकच उत्तर: “रक्त पातळ करायच्या गोळ्या आहेत, होतं असं.” आम्हीही गप्प बसलो. आता दोन आठवडे काही नाही.

---

तालुका ओपीडी | रविवार, रात्री ११:०४

@घाटावरची, ताई, हे उत्तर बरोबर नाही. त्या गोळ्यांनी रक्त पातळ होतं, भिंतीला भोक पडत नाही. आत रक्त यायला काहीतरी जागा असेल तर गोळ्यांमुळे ते लवकर दिसतं, म्हणजे एका अर्थी गोळ्यांनी आधीच खबर दिली. अशा पेशंटची तपासणी गोळ्या न घेणाऱ्यासारखीच पूर्ण करायची असते, हे यूरॉलॉजीच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. ७१ वय आणि डोळ्यांना दिसलेलं रक्त. यूरॉलॉजिस्टकडे (मूत्रमार्गाच्या सर्जनकडे) न्या, याच महिन्यात. गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका, स्टेंट आहे. धूम्रपान?

---

घाटावरची | रविवार, रात्री ११:०९

पंचवीस वर्षं सिगारेट, स्टेंटनंतर सोडली. ऐकत नाहीत हो ते. “थांबलंय ना?” म्हणतात.

---

खवचट_खंडू | सोमवार, सकाळी ७:३०

आमच्या आजीच्या मते लघवी लाल म्हणजे ‘उन्हाळी लागली’. उपाय: धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, नाहीतर कुळथाचं कढण. हे पाजून तिनं चाळीतले निम्मे पुरुष बरे केले. बाकीचे निम्मे काय झाले ते तिनं कधी सांगितलं नाही.

अवांतर: परवा बीटाची कोशिंबीर दोन वाट्या खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मृत्युपत्र करायला बसलो होतो.

---

तालुका ओपीडी | सोमवार, सकाळी ८:१०

@खंडू, हसू नका, बीट हे खरंच पहिलं विचारायचं. टीबीची रिफॅम्पिसिन चालू असलेल्याची लघवी नारिंगी-लाल होते. जळजळीवरची पायरिडियमही तसाच रंग देते. बायकांत पाळीचं रक्त मिसळलेलं असतं आणि बाई संकोचानं सांगत नाही, आपण विचारत नाही. म्हणून रंग कितीही लाल असला तरी पहिलं काम एकच, सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी आहेत का ते बघणं. उन्हाळीबद्दल: जळजळ होऊन, थेंब थेंब, ताप असेल तर जंतुसंसर्ग म्हणून औषध द्यायला हरकत नाही. दुखलं नाही आणि लाल झाली, तर कढणावर सोडू नका.

---

सूक्ष्मदर्शी | सोमवार, दुपारी २:२०

मी लॅबवाला. तीस वर्षं लघव्या बघतोय, त्यामुळे थोडं लांबेल.

पेशंट नमुना आणतो कशात? खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत. तळाला लाल सिरप तसंच. लोणच्याची बरणी आलीय, एकदा बाळाची दुधाची बाटली आली. झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा, वर रबर. ते सकाळी सहाला भरलेलं, मोटारसायकलच्या डिकीतून अकराला माझ्या टेबलावर. लघवी पातळ असेल किंवा तशीच पडून राहून क्षारीय झाली असेल तर तांबड्या पेशी फुटून जातात. मी ‘आरबीसी नाहीत’ लिहितो ते खरंच असतं, पण पाच तासांपूर्वी होत्या. निर्जंतुक डबी दहा-पंधरा रुपयांत मिळते हो. सुरुवातीची धार सोडायची, मधली डबीत, आणि नमुना तास-दोन तासांत बघायचा. बायकांनी आधी पाण्यानं धुवून घ्यायचं.

आता पट्टी. दवाखान्यात लघवीत बुडवायची पट्टी असते, ‘ब्लड ++’ दाखवते. ती पट्टी तांबड्या पेशी ओळखत नाही, हिमोग्लोबिन ओळखते. स्नायू फुटून मायोग्लोबिन उतरलं तरी ती हिरवी होते. उलट, व्हिटॅमिन सी च्या गोळ्या चघळणाऱ्याच्या लघवीत रक्त असूनही ती गप्प बसू शकते. वर पावसाळ्यात डब्याचं झाकण उघडं ठेवतात, पट्ट्या दमट होतात, मग त्यांच्यावर कसला भरवसा? पट्टी हो म्हणाली तर नमुना माझ्याकडे पाठवा. मी फिरवून तळाचा गाळ बघतो. सूक्ष्मदर्शकाच्या मोठ्या भिंगाखाली एका क्षेत्रात ३ किंवा जास्त तांबड्या पेशी दिसल्या तर ते रक्त धरायचं. दोन दिसल्या म्हणून कुणाला घाबरवू नका.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं: पेशींचा आकार. मूत्रपिंडाच्या गाळणीतून पिळवटून आलेल्या पेशी वेड्यावाकड्या असतात, काहींना मिकी माऊससारखे कान. मूत्राशयातून, प्रोस्टेटमधून आलेल्या गोल गरगरीत, सारख्या. तांबड्या पेशींचे साचे, म्हणजे कास्ट, दिसले तर गाळणीचाच आजार. पण हे मी लिहू कुठे? डॉक्टर फॉर्मवर ‘युरिन आर’ (रुटीन) इतकंच खरडतात. ‘लाल लघवी, आकार बघा’ एवढं लिहा, मी पाच मिनिटं जास्त देईन. कोणीतरी मागितल्याशिवाय दिवसाला नव्वद नमुन्यांत ते होत नाही. हे माझं पाप, कबूल.

---

निळी_शाई | सोमवार, दुपारी ३:०५

वाखूसा (वाचनखूण साठवली). सूक्ष्मदर्शी, तुमचा प्रतिसाद छापून आमच्या दवाखान्यात लावतेय, बाळाच्या बाटलीसकट.

---

एकवीस_किमी | सोमवार, रात्री ९:४०

मी ३४, पुण्यात आयटीत. रविवारी अर्धमॅरेथॉन, सोमवारी कंपनीची आरोग्य तपासणी (मूर्खपणा माझा). आरबीसी १५-२०. एचआरनं नेमलेल्या डॉक्टरबाईंनी थेट सीटी स्कॅन लिहून दिलाय. हा धागा वाचून आणखी घाम फुटला. करू का?

---

तालुका ओपीडी | सोमवार, रात्री १०:०१

@एकवीस_किमी, बूट काढून ठेवा. लांब धावल्यावर लघवीत रक्त येणं माहीत असलेली गोष्ट आहे, रिकामं मूत्राशय आपल्याच भिंतीवर आपटत राहतं हे त्याचं एक कारण सांगतात. साधारण तीन दिवसांत जातं. आठवडाभर धावू नका, मग सूक्ष्मदर्शींच्या पद्धतीनं डबीत नमुना द्या. स्वच्छ निघाला तर विषय संपला. नाही निघाला तर मात्र ‘मी धावतो’ हे कारण चालणार नाही, पुढे बघावं लागेल. सीटी आत्ता नको. त्यात किरणं आहेत, शिरेतून औषध द्यावं लागतं आणि त्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी) बघावं लागतं.

एक वेगळी गोष्ट: धावून लघवी लाल नाही तर कोऱ्या चहासारखी झाली, मांड्या-पोटऱ्या सुजून ठणकू लागल्या, तर ते स्नायू फुटलेले असतात. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं एका दिवसात हजार बैठका मारतात आणि तिसऱ्या दिवशी येतात. तिथे थांबायचं नाही, त्याच दिवशी रुग्णालय. मूत्रपिंड बंद पडू शकतं.

---

दंडकारण्य | मंगळवार, पहाटे ५:५०

गडचिरोलीत प्राथमिक आरोग्य केंद्रावर आहे. नेटवर्क पहाटेच येतं. तुमच्या पश्चिमेकडच्या यादीत आमच्या तीन गोष्टी नाहीत, त्या टाकतो.

एक, सिकलसेल. पूर्ण आजार असलेलाच नव्हे, नुसता वाहकसुद्धा, ज्याला एरवी काही त्रास नसतो, त्याला अचानक वेदनेशिवाय लाल लघवी होते. मूत्रपिंडाच्या आतल्या भागात ऑक्सिजन कमी, क्षार जास्त, तिथे पेशी विळ्यासारख्या होतात आणि बारीक शिरा तुंबतात. बहुतेकदा डाव्या बाजूनं. पंचविशीतला आदिवासी पोरगा लाल लघवी घेऊन आला तर मी सोल्युबिलिटी टेस्ट आधी करतो, मग पक्कं करायला इलेक्ट्रोफोरेसिस. पण वाहक निघाला म्हणून सोनोग्राफी चुकवत नाही. वाहकांत मूत्रपिंडाचा एक वाईट कर्करोग तरुणपणी होतो, दुर्मीळ आहे पण होतो.

दोन, मलेरियाची प्रायमाक्विन. चौदा दिवसांचा कोर्स, तिसऱ्या-चौथ्या दिवशी आई म्हणते पोराची लघवी काळी झाली. पट्टी म्हणते रक्त +++, सूक्ष्मदर्शकात एकही पेशी नाही. ते जी-सिक्स-पीडीची (तांबड्या पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची) कमतरता असलेल्याच्या पेशी रक्तातच फुटल्या म्हणून उतरलेलं हिमोग्लोबिन. गोळी त्या क्षणी बंद, हिमोग्लोबिन बघा, पाठवा.

तीन, घोणस. बैलगाडीतून आणलेला माणूस, पायाला दोन टोचे, हिरड्यांतून रक्त आणि लघवी लाल. इथे रिपोर्टची वाट बघत नाही. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिली रक्त, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग तिरकं करायचं. गोठलं नाही तर सर्पविषरोधक लगेच. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची नको. माझ्या फार्मासिस्टनं डिटर्जंटनं धुतलेली नळी दिली होती एकदा. त्यातही रक्त नीट गोठत नाही आणि आपण उगाच विषबाधा धरून बसतो.

---

खवचट_खंडू | मंगळवार, सकाळी ८:४५

@दंडकारण्य, माझा बीटाचा विनोद मागे घेतो.

---

लीड्सकर | मंगळवार, दुपारी ४:३०

इंग्लंडमध्ये जीपी (फॅमिली डॉक्टर) आहे, मूळचा सोलापूरचा. इथे आम्हाला वय पाठ असतं. ४५ आणि वरचा माणूस, डोळ्यांना दिसणारं रक्त, संसर्ग नाही किंवा संसर्गाच्या औषधानंतरही रक्त राहिलं किंवा परत आलं: कर्करोगाच्या संशयाच्या मार्गानं पाठवायचं. ६० आणि वर असेल आणि रक्त फक्त सूक्ष्मदर्शकात असेल, सोबत जळजळ किंवा रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या: तरीही पाठवायचं. पूर्वी दोन आठवड्यांत तज्ज्ञानं बघायचं असं मोजत, ऑक्टोबर २०२३ पासून २८ दिवसांत हो किंवा नाही सांगायचं असं मोजतात. प्रत्यक्षात ते सगळीकडे पाळलं जातं असं मी म्हणणार नाही.

पण माझं खरं सांगणं बायकांबद्दल. पुरुषाला मूत्राशयाचा कर्करोग जास्त होतो, म्हणून बाई आली की आपण संसर्ग समजतो. तिला एक कोर्स, दुसरा कोर्स, तिसरा. बायकांचं निदान त्यामुळे उशिरा होतं, हे इथे वारंवार दिसलंय. माझ्याच एका पेशंटला मी आणि माझ्या दोन सहकाऱ्यांनी मिळून तीन कोर्स दिले होते. प्रत्येकानं आपल्या पुरता पहिलाच दिला.

---

शेवगा | मंगळवार, रात्री ८:१५

लीड्सकर म्हणतात ते माझ्यावर बेतलंय, फक्त शेवट वेगळा. वय तेव्हा ३८, नाशिक. दीड वर्षात सहा वेळा ‘युरिन इन्फेक्शन’. दर तासाला लघवी, रात्री पाच वेळा उठायचं, कधी कधी रक्ताचा डाग. रिपोर्टात पस सेल्स ‘भरपूर’, आणि दोनदा कल्चर केलं तर दोन्ही वेळा कोरं. प्रत्येक डॉक्टर म्हणाले, “आधी गोळ्या घेतल्या असतील, म्हणून कोरं आलं.” शेवटी एका वयस्कर बाईंनी (फॅमिली डॉक्टर, स्पेशालिस्ट नव्हे) विचारलं, “घरात कोणाला टीबी झाला होता का?” नवऱ्याच्या आत्याला झाला होता, आमच्याकडेच राहून गेल्या होत्या. सकाळची पहिली लघवी तीन दिवस वेगवेगळी दिली, सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधणारी तपासणी) केलं. मूत्रपिंडाचा टीबी. खोकला एक दिवसही नव्हता.

औषध पूर्ण झालं. पण तोवर उजवी मूत्रवाहिनी आकसली होती, त्यात स्टेंट टाकावा लागला. सहा कोर्स कोणकोणते घेतले ती यादी अजून माझ्या पाकिटात आहे.

---

तालुका ओपीडी | मंगळवार, रात्री ८:५०

@शेवगा, पस सेल्स भरपूर आणि कल्चर कोरं, हे दोन शब्द शेजारी दिसले की आपल्या देशात टीबी आठवलाच पाहिजे. मी कंपाउंडरला आज हे लिहून दिलं: कल्चर आधी, गोळी नंतर. आणि गोळ्या संपल्यावर लघवी परत, रक्त गेलं का ते बघायला. गेलं नसेल तर तो संसर्ग नव्हता किंवा नुसता संसर्ग नव्हता.

---

दारेसलामचा_दादर | बुधवार, सकाळी ११:२०

टांझानियात नऊ वर्षं. इथे तळ्यात पोहलेल्या माणसाची लघवी शेवटी शेवटी लाल होत असेल तर डॉक्टर पहिला प्रश्न करतात बिल्हार्झियाचा (पाण्यातून अंगात शिरणाऱ्या कृमींचा आजार). नमुनाही उठल्याउठल्या घेत नाहीत, सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान घेतात, कारण अंडी तेव्हा जास्त पडतात. सुट्टीवर मुंबईला आलेल्या मित्राला हेच झालं होतं आणि तिथे दोन महिने खडा शोधत होते. परदेश प्रवास विचारा हो.

---

निळी_शाई | बुधवार, दुपारी १२:००

@दादर, परदेशच कशाला? आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात हाच आजार सापडला होता. १९५२ साली गाडगीळ आणि शहा यांनी त्यावर लिहिलं. ओढ्यातल्या बारीक गोगलगायींतून पसरायचा. आम्हाला परजीवीशास्त्रात एका ओळीत शिकवला, परीक्षेत मला तीच ओळ आली होती.

---

बाबा_दोन_मुलांचा | बुधवार, रात्री १०:३०

मुलगा ७ वर्षांचा. पायावर खरजेचे फोड झाले होते, ते सुकून तीन आठवडे झाले. आज लघवी कोकाकोलासारखी. सकाळी डोळे सुजल्यासारखे वाटले, आम्हाला वाटलं झोप जास्त झाली. उद्या दाखवू ना?

---

तालुका ओपीडी | बुधवार, रात्री १०:३६

@बाबा, आजच न्या, रक्तदाब मोजायला. रुग्णालयात बालरोग विभाग असेल तिथे. फोडांतल्या जंतूंनंतर आठवड्यांनी मूत्रपिंडाच्या गाळणीला सूज येते, बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात, पण रक्तदाब अचानक वाढून आकडी येऊ शकते. लघवी कमी होतेय का? मुलाला पाणी जबरदस्तीनं पाजू नका, मीठ कमी.

---

बाबा_दोन_मुलांचा | गुरुवार, सकाळी ६:१०

बीपी १३४/९०. ॲडमिट केलंय. लघवीत प्रथिनं आणि कास्ट आहेत म्हणाले. बीपीचं औषध सुरू. आत्ता झोपलाय.

---

मापटं | गुरुवार, सकाळी ११:००

विरोधात लिहितो, राग मानू नका. हा धागा वाचून उद्या शंभर लोक मूत्राशयाची दुर्बीण करायला पळतील. माझ्या भावाला आरबीसी ४-५ आली, एका मोठ्या रुग्णालयात सीटी, दुर्बीण, सायटॉलॉजी (लघवीतल्या पेशींत कर्करोग शोधणं), सगळं करून पंचेचाळीस हजार गेले. निघालं काय? काहीच नाही. डॉक्टर, तुमची एक चूक झाली म्हणून बाकीच्यांनी किती भरायचं?

---

तालुका ओपीडी | गुरुवार, दुपारी १:४५

@मापटं, राग नाही. अर्धं पटतं.

ज्याला काहीच तक्रार नाही अशा माणसाची लघवी कर्करोग शोधायला म्हणून तपासू नये, असं अमेरिकन फिजिशियन संघटनेनं २०१६ मध्येच सांगितलंय. ‘फुल बॉडी पॅकेज’मधून निघालेलं आरबीसी ४-५ हे त्याचंच पिल्लू. पण एकदा कागदावर आलं की त्याला नाही म्हणता येत नाही. भावाचं वय किती? चाळिशीच्या आत, कधी धूम्रपान नाही, पेशी दहाच्या आत, पूर्वी कधी लाल लघवी नाही, तर अमेरिकेच्या यूरॉलॉजीवाल्यांच्या हिशेबात हा कमी धोक्याचा गट. सहा महिन्यांच्या आत लघवी परत बघा, राहिलं तर पुढचं. बायकांसाठी वयाची मर्यादा त्यांनी २०२५ मध्ये आणखी वर सरकवली. सायटॉलॉजी तर पहिल्या फेरीत लागतच नाही.

पण साठीचा पुरुष, तीस वर्षं सिगारेट, किंवा डोळ्यांनी एकदाही रक्त पाहिलेलं, ही दुसरी गोष्ट. दिसणाऱ्या रक्तात मोठ्या माणसांत साधारण दहातल्या एकाला कर्करोग निघतो. नुसत्या सूक्ष्मदर्शकातल्या रक्तात शंभरात मोजके. या दोघांना एकच चाळणी लावली तर तुमच्या भावासारखे भरडले जातात आणि माझ्या पेशंटसारखे निसटतात.

विड्यांचं गणित त्या परदेशी तक्त्यात बसत नाही. मी कट्टा विचारतो: दिवसाला किती कट्टे, किती वर्षं. आणि धंदा. रंगाच्या कारखान्यात, कापड छपाईत, रबरात काम केलंय का. १८९५ साली फ्रँकफर्टच्या रेन नावाच्या सर्जननं ॲनिलीन रंगाच्या कामगारांत मूत्राशयाचा कर्करोग दाखवला, आणि आपण २१व्या शतकात फॉर्मवर ‘व्यवसाय: नोकरी’ लिहितो.

माझ्या टेबलाच्या काचेखाली आता हाच कागद आहे. बीपी, सूज, क्रिएटिनिन, प्रथिनं: यात गडबड किंवा वेड्यावाकड्या पेशी, तर मूत्रपिंडवाल्यांकडे. तसं काही नसेल आणि धोका जास्त, तर यूरॉलॉजिस्ट, दुर्बिणीसाठी. सोनोग्राफी भरलेल्या मूत्राशयावर, पण ती स्वच्छ आली म्हणून दुर्बीण टळत नाही. आणि लिहिलेली चिठ्ठी पेशंटनं पोचवली का, हे विचारायला तीन आठवड्यांनी फोन. हा शेवटचा भाग कंपाउंडर करतो, मी विसरतो.

---

मापटं | गुरुवार, दुपारी २:२०

भाऊ ३६ वर्षांचा. धूम्रपान नाही. म्हणजे पंचेचाळीस हजार गेलेच. बरं.

---

सूक्ष्मदर्शी | गुरुवार, संध्याकाळी ६:००

आज एका डॉक्टरांच्या फॉर्मवर ‘लाल लघवी, पेशींचा आकार कळवा’ असं लिहून आलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. धाग्यावरचे असाल तर नमस्कार. नमुना मात्र सॉसच्या बाटलीतच होता.

---

घाटावरची | पुढच्या शनिवारी, दुपारी ४:१५

अपडेट. सासऱ्यांना नेलं. पॉलिक्लिनिकला साडेतीन तास रांग आणि दुर्बीण झाली सात मिनिटांत. सुन्न करायची जेली लावून, जागेपणी, बाजूच्या पडद्यावर त्यांनी स्वतः बघितलं. दोन्ही गोळ्या चालूच ठेवल्या होत्या. डाव्या मूत्रवाहिनीच्या तोंडाजवळ काहीतरी आहे, डॉक्टर करंगळीचं नख दाखवून “एवढं” म्हणाले. देठावर उभं, शेवाळ्यासारखं हलणारं. सासरे म्हणतात, “मला तर समुद्रातलं फूल वाटलं.” वरवरचं दिसतंय, पण काढून तपासल्याशिवाय सांगणार नाही म्हणाले. त्याआधी सीटी. बुधवारी काढणार आहेत, भूल देऊन. त्यासाठी क्लोपिडोग्रेल थांबवायची का, यावर दोन डॉक्टरांत एकमत होत नाहीये. तुम्ही काय म्हणता?

---

तालुका ओपीडी | शनिवार, दुपारी ४:४०

मी काहीच म्हणणार नाही. स्टेंट कोणता, कधीचा, हे ज्यांनी बसवला त्यांना माहीत. भूल देणारे आणि हृदयाचे डॉक्टर, दोघांना एकमेकांशी फोनवर बोलायला लावा. निरोप तुम्ही पोचवू नका, त्यात शब्द बदलतात. सीटीच्या आधी क्रिएटिनिन झालंय का तेही बघा. काढलेल्या तुकड्याच्या रिपोर्टमध्ये स्नायूचा थर आला आहे का, आणि असला तर त्यात गाठ शिरलीय का, हे नक्की विचारा. रिपोर्ट आला की इथेच टाका.

---

घाटावरची | शनिवार, दुपारी ४:५२

लिहून घेतलं. सासरे विचारतायत, बुधवारपर्यंत कुळथाचं कढण चालेल का.